गप्पिष्ट मुलीचा रविवार

“मॅडम, बोलायचं काम घेतलं नाही तर मी मागे पडेन का?” आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. या वेळी विचारणारी कोथरूडची, एकोणतीस वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) कल्याणीनगरच्या एका कंपनीत अकाउंट्सला. तिथेच क्लायंट सांभाळायची जागा निघाली होती, महिन्याला १२,००० रुपये जास्त. घरचे म्हणत, “तू एवढी गप्पिष्ट, तुला काय अवघड?”

खरं सांगते, मीही तेच म्हणणार होते. तासभर इतकं छान बोलली!

तिची भीती उगाच नव्हती. डेव्हिड डेमिंग या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या नोकऱ्या तपासल्या, तर १९८० ते २०१२ या काळात माणसांशी सतत संबंध येणाऱ्या कामांचा एकूण नोकऱ्यांतला वाटा जवळपास १२ टक्के-बिंदूंनी (म्हणजे दर शंभर नोकऱ्यांमागे जवळपास बारांनी) वाढलेला निघाला. पण हे १२,००० नक्की कशाचे? नकोशा कामाला जास्त मजुरी मोजावी लागते, हे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय. आता नकोसं काय, हे ज्याचं त्याचं. ज्याला माणसं हवीशी वाटतात त्याला हा फुकटचा बोनस. ज्याला शीण येतो त्याला त्या शिणाचीच मजुरी.

मग आपण कुठल्या गटातले? अ‍ॅलन क्रूगर आणि डेव्हिड श्केड यांनी २००८च्या अभ्यासात लोकांचा नोकरीबाहेरचा वेळ पाहिला. कामाबाहेरही जे माणसांत जास्त रमतात, ते बहुधा माणसांच्याच कामात सापडले. मला त्यातली मोजायची रीत पटली. म्हणून तिला शंभरपानी वही घ्यायला सांगितली: तीन आठवडे, फक्त सुट्टीचे दिवस, कसे गेले ते लिहायचं.

वहीतली एक नोंद तिच्या परवानगीने देते. “सकाळी सहा-दहा. वेताळ टेकडी, एकटीच. खाणीच्या पाण्याशी बसले. फोन बंद. बरं वाटलं. दुपारी मावशीकडे केळवण, बावीस जण. सगळ्यांना हसवलं. घरी येऊन दिवा न लावता बसले.”

सहा दिवसांत चार वेळा ‘फोन बंद’. बोलता येणं आणि बोलून ताजंतवानं होणं यांत केवढा फरक असतो, हे ती स्वतःच्याच अक्षरात वाचत होती. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे मी हे पैसे कमवीन, फुकट मिळणार नाहीत मला.”

तिने जागा घेतली. मला वाटलं होतं, नाही म्हणेल. फ्लॅटचा हप्ता डोक्यावर आहे, दोन वर्षं करीन म्हणाली, पण दुपारी एक ते दोन या वेळात कॉल घेणार नाही, हे साहेबांशी आधी बोलून. जेवणाचा डबा ती एकटीच खाते. सहकाऱ्यांना आधी ते लागलं, आता सवय झालीय.

शनिवारी तिचा फोन लागत नाही. दोनदा करून पाहिला मी.