गाठीतली कांडी जास्त तापली तर?

प्रश्न: वडिलांच्या गालातली कॅन्सरची गाठ ऑपरेशन आणि शेकानंतर (रेडिएशननंतर) परत आली. गाठीत धातूच्या कांड्या बसवून चुंबकाने तापवतात असे वाचले. कांडी जास्त तापून आतून भाजणार नाही का? बाजारात चुंबकाचे पट्टे मिळतात, ते चालतील का?
– एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर: आधी पट्ट्याचे सांगतो. त्यातला चुंबक स्थिर असतो, त्याने काहीही तापत नाही. त्यावर एक रुपयाही घालवू नका. या उपचारात चुंबकीय क्षेत्र सेकंदाला लाखाच्या आसपास वेळा उलटसुलट होते. इंडक्शन शेगडीवर काच न तापता भांडे तापते, तसेच इथे मांसाऐवजी मुख्यतः कांडी तापते.

भाजण्याची तुमची शंका रास्त आहे, आणि तिचा बंदोबस्त धातूतच केलेला असतो. प्रत्येक लोहचुंबकीय (लोखंडासारखा चुंबकाकडे जोरात ओढला जाणारा) धातू ठरावीक तापमानाला तो गुण सोडतो. त्याला क्युरी बिंदू म्हणतात. निकेलचा हा बिंदू सुमारे 358 अंश सेल्सिअस. त्यात 30 टक्क्यांच्या आसपास तांबे मिसळले की तो 50 अंशांच्या घरात येतो. कांडी तिथवर तापली की तिचे तापणे आपोआप मंदावते. मात्र तांब्याचे प्रमाण एका टक्क्याने चुकले तरी बिंदू दहाएक अंशांनी सरकतो, म्हणून हे मिश्रण फार काटेकोर बनवावे लागते.

खरी अडचण भाजण्यापेक्षा गाठीचा काही भाग थंड राहण्याची आहे. गाठ साधारण तासभर 43 अंशांवर ठेवायची असते. 44 अंशांवर तोच परिणाम अर्ध्या तासात मिळतो, पण 42 वर जवळजवळ चार तास लागतात. एका अंशाची किंमत एवढी! कांडी जेमतेम 1 मिलिमीटर जाड, म्हणून त्या सेंटिमीटरभर अंतराने ओळीत रोवतात. शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर ती उष्णता ओढून नेते. कांडी क्षेत्राच्या दिशेला आडवी बसली तरी फारशी तापत नाही. म्हणून गाठीत तापमापक घालून मोजत राहावे लागते. दोन बैठकांत दोन-तीन दिवसांचे अंतरही हवे, कारण एकदा तापलेल्या पेशी काही काळ उष्णतेला दाद देत नाहीत.

उष्णता एकटी पुरत नाही. शेकाने मोडलेला डीएनए पेशी दुरुस्त करतात, ती दुरुस्ती उष्णता रोखते. म्हणून दोन्ही जोडीने देतात. तोंडाच्या कॅन्सरसाठी हा नेहमीचा उपचार नाही. युरोपात 2010 मध्ये मान्यता मिळाली ती मेंदूच्या गाठीत लोह-ऑक्साइडचे सूक्ष्म कण टोचून तापवण्याच्या पद्धतीला. तेव्हा याची वाट पाहत वेळ दवडू नका. जुन्या शेकाचा पूर्ण तपशील, म्हणजे एकूण ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), किती दिवस आणि कोणता भाग, घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवा. पुन्हा ऑपरेशन किंवा पुन्हा शेक देता येईल का, हे त्यावरूनच ठरते.

प्रश्न: जबड्यात धातूची पट्टी किंवा दातांवर धातूच्या टोप्या असतील तर?
– एक वाचक, उदगीर

उत्तर: क्षेत्राच्या टप्प्यात आलेला धातू स्वतः तापतो. मेंदूच्या उपचारात दातांच्या टोप्या आणि धातूचे भरण आधी काढून घेतात. पेसमेकर असलेल्याला हा उपचार देत नाहीत. लोहकण टोचलेल्या जागी नंतर एमआरआयचे चित्र बिघडते, तिथे सीटी स्कॅनवर भागवावे लागते.