आंदोलनाला 'जनाधार' की नुसता कल?

प्रश्न असा आहे: एका मतचाचणीच्या बातमीला 'प्रस्थापित पक्षांपेक्षा तळागाळातील आंदोलनाला अधिक जनाधार' असा मथळा दिला, तो बरोबर आहे का? चाचणीत लोकांना इतकंच विचारलं होतं, की तुमचे प्रश्न कोणाला जास्त कळतात, पक्षांना की आंदोलकांना?

व्याकरण ठीक आहे, पण 'जनाधार' साफ चुकला आहे. जनाधार म्हणजे गावोगावचे कार्यकर्ते, मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून बसणारी माणसं, पडत्या काळातही न हलणारे मतदार. एका प्रश्नाच्या उत्तरावरून तो मोजता येत नाही. तिथे कळतो तो कल, फार तर विश्वास. २०११ च्या लोकपाल आंदोलनाबद्दलची सहानुभूती देशभर दिसत होती. त्यातून नोव्हेंबर २०१२ मध्ये आम आदमी पक्ष निघाला. वर्षभरात दिल्ली विधानसभेत त्याने ७० पैकी २८ जागा घेतल्या, पण २०१४ च्या लोकसभेला चारशेहून अधिक जागा लढवून हाती आल्या ४, त्याही सगळ्या पंजाबातल्या. सहानुभूती आणि जनाधार यांतलं अंतर ते हेच.

'अधिक समर्थन' असा बदल करायचा मोह होईल, तोही टाळावा. मराठीत समर्थन म्हणजे एखादी गोष्ट योग्य कशी आहे हे पटवून देणं. 'या हिंसेचं समर्थन होऊ शकत नाही' हा आपला नेहमीचा प्रयोग. हिंदीत मात्र तोच शब्द पाठिंब्यासाठी चालतो आणि बातम्यांतून तो अर्थ इकडेही आला आहे. प्रश्नावलीत तर हा शब्द घातकच. 'तुम्ही आंदोलनाचं समर्थन करता का?' असं विचारलं, की एकजण मागणीला पाठिंबा म्हणून 'हो' म्हणतो, दुसरा रास्ता रोको चुकीचा वाटतो म्हणून 'नाही' म्हणतो, आणि दोघांची मागणी एकच असू शकते. मागणीला पाठिंबा, मार्गाला मान्यता, स्वतःचा सहभाग आणि निवडणुकीत मत हे चार वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळेच विचारावेत आणि बातमीतही वेगळेच ठेवावेत.

'मत' हा शब्दही फसवा, कारण विचार आणि मतपेटीतलं मत या दोन्हींना आपण तेच म्हणतो. इथे वचन उपयोगी पडतं. 'लोकांचं मत आंदोलनाच्या बाजूने' म्हटलं की विचार कळतो. 'लोकांची मतं आंदोलनाच्या बाजूने' म्हटलं की वाचक जागा मोजायला लागतो.

आंदोलन की चळवळ, हे क्रियापदावरून ठरवावं. आंदोलन छेडतात, पुकारतात, स्थगित करतात, मागे घेतात. त्याला मागणी असते आणि बहुधा तारीखही. चळवळ उभी राहते, रुजते, ओसरते. 'सहकार चळवळ मागे घेतली' असं कोणी म्हणत नाही. संयुक्त महाराष्ट्राची ती चळवळ. तिच्यातले मोर्चे, सत्याग्रह ही आंदोलनं. आणि १९५७ ची निवडणूक लढवणारी समिती हे पुन्हा तिसरंच, अनेक पक्षांनी मिळून उभं केलेलं. चाचणीतल्या लोकांना काही आठवड्यांच्या निदर्शनांबद्दल विचारलं असेल तर 'आंदोलन' ठेवावं.

'तळागाळातील' मात्र काढा. तळागाळातला माणूस म्हणजे समाजाच्या अगदी खालच्या थरातला, उपेक्षित. पक्षाच्या आदेशाशिवाय उभं राहिलेलं आंदोलन शिकल्यासवरल्या मध्यमवर्गाचंही असू शकतं. 'लोकांतून उभं राहिलेलं' किंवा सरळ 'बिनपक्षीय' म्हणावं. (आत पक्षाचे लोक किती, हा वाद बातमीत येऊ द्या, विशेषणात नको.)

'प्रस्थापित' शब्दाला आपल्याकडे टोमण्याची धार आहे. 'प्रस्थापित विरुद्ध विस्थापित' अशा भाषणांनी ती आणली. प्रश्नातच हा शब्द वापरला तर उत्तर आधीच झुकतं. 'मान्यताप्राप्त' म्हणणंही जपून, कारण ती निवडणूक आयोगाची संज्ञा आहे. मतांचे किंवा जागांचे ठरलेले निकष पूर्ण केल्याशिवाय मान्यता मिळत नाही. 'प्रमुख पक्ष' पुरे.

कोणीतरी 'जनतेचा कौल' सुचवेलच. कौल म्हणजे निर्णय, तो मतदानानंतरच. याच ओघात 'जनमत' आणि 'सार्वमत' यांची अदलाबदल होते. जनमत म्हणजे लोकांचा विचार. सार्वमत म्हणजे एका प्रश्नावर सर्व मतदारांनी केलेलं मतदान. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हावं की नाही यावर जे झालं, त्याचं सरकारी नाव 'ओपिनियन पोल' आणि मराठीत रूढ झालं 'जनमत कौल'. प्रत्यक्षात ते सार्वमतच होतं: विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं, बाजूने १,३८,१७०. हजारभर लोकांना फोन करून घेतलेल्या चाचणीला तोच शब्द लावला, तर तिला नसलेलं वजन येतं.

तेव्हा मथळा असा: 'लोकांचे प्रश्न प्रमुख पक्षांपेक्षा आंदोलकांना अधिक कळतात, मतचाचणीतला कल'. लांब आहे, पण विचारलं होतं तेवढंच सांगतो. खाली आकडे देताना एक पथ्य पाळा: कल २० टक्क्यांवरून ३० वर गेला, तर ती १० टक्के वाढ नव्हे. १० टक्के-बिंदूंची म्हणा, नाहीतर ५० टक्क्यांची.