किल्ली टपालाने येईल?

प्रश्न : ताई, मुलाला बर्लिनला नोकरी लागली. पुढच्या महिन्यात जायचं आहे. जाहिरातीत एक घर आवडलंय. मालक म्हणतो, मी परगावी आहे, दोन महिन्यांचं भाडं पाठवा, किल्ली टपालाने येईल. पाठवू का?
— एक आई, खानापूर

उत्तर : पाठवू नका, हात जोडून सांगते. मीही बेळगावच्या टिळकवाडीत बसून तिकडच्या एकाला असेच आगाऊ पैसे दिले होते. पत्त्यावर पोहोचले, तर बेलच्या पाट्यांवर ते नावच नव्हतं. हातात दोन बॅगा, एकीत आईने बांधून दिलेला कुंदा. त्या दारात मी खूप रडले.

मुलाला आधी महिना-दोन महिने सामानासकट खोली घेऊ दे. मात्र मुलगा तिथे राहत असल्याचा लेखी दाखला मालक देईल का, हे अगोदर विचारा. घरात शिरल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. दाखल्याशिवाय ही नोंदणी होत नाही.

मग कायमचं घर स्वतः जाऊन बघायचं. 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी वेगळं. डिपॉझिट त्या भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, आणि तीन हप्त्यांत देता येतं. स्वयंपाकघर तर बघायलाच सांगा! तिथं पुष्कळदा ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, भिंतीतून नुसते पाईप आलेले. तो खर्च आधीच धरून ठेवा.