पी16 लावायच्या आधी

बाळा,

थेसिसचा विषय फायनल झाला हे वाचून लई बरं वाटलं बघ. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आणि त्याच्या आधीचे बदल, त्यात पी16 आणि की-67 हे पेशीतल्या प्रोटीनचे दोन मार्कर, विषय चांगलाय आणि आपल्या भागाला लागणारा आहे. खानापूर, निपाणी, अथणीकडनं बायका येतात त्यातल्या कितीतरी जणी पांढरं जाणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात आणि रक्त दिसायला लागलं की मग दवाखान्याची पायरी चढतात. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नव्या केसेस होतात, आणि हा असा कॅन्सर आहे की जो व्हायच्या आधी कितीतरी वर्षं सापडू शकतो, म्हणून मला याचं एवढं पडलंय.

आता तू म्हणतेस सगळ्या बायोप्सीवर (तपासायला काढलेल्या तुकड्यांवर) पी16 चा रंग लावणार. थेसिससाठी लाव, पण रोजच्या रिपोर्टिंगमध्ये ही सवय लावून घेऊ नकोस. आधी एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची स्लाइड, नीट, सावकाश, लो पॉवरवर. तुझं स्वतःचं मत काय झालं ते वहीत लिही आणि मग आयएचसीची, म्हणजे अँटिबॉडीनं प्रोटीन रंगवलेली, स्लाइड हातात घे. 2012 मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्ट आणि कॉल्पोस्कोपीवाल्यांनी मिळून ज्या शिफारशी काढल्या त्यात हेच आहे: सीआयएन 2 (कॅन्सरआधीच्या बदलांच्या तीन पायऱ्यांतली मधली) वाटतंय पण खात्री नाही, किंवा हे हाय ग्रेड (वरच्या पायरीचं) आहे का नुसतं अ‍ॅट्रोफी (सुकून पातळ झालेलं अस्तर), कच्चं मेटाप्लेजिया (एका जातीच्या पेशींच्या जागी दुसऱ्या जातीच्या येणं), भरून येणारी जखम असलं काहीतरी आहे असा प्रश्न पडला, किंवा दोन पॅथॉलॉजिस्टचं जमेना, तर पी16 लावा. सरळसरळ सीआयएन 1 दिसतंय तिथं लावू नका, कारण सीआयएन 1 मधेही बऱ्याच वेळा पी16 पॉझिटिव्ह येतं आणि मग उगीच ग्रेड वाढवायचा मोह होतो.

पी16 का वाढतं, हे व्हायवामधे (तोंडी परीक्षेत) विचारतीलच. पी16 चं काम पेशीचं विभाजन थांबवायचं, आणि ते काम ते आरबी प्रोटीनमार्फत करतं. एचपीव्ही, म्हणजे बहुतेक वेळा हा कॅन्सर करणारा व्हायरस, त्याचं ई7 प्रोटीन नेमकं त्या आरबीलाच निकामी करतं. म्हणजे चोर्ला घाटात ब्रेकची वायर तुटलेल्या गाडीत ड्रायव्हर ब्रेक दाबतोय, आणखी दाबतोय, आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही, तसं पेशीत पी16 साठत जातं आणि विभाजन चालूच राहतं. म्हणून भरपूर पी16 दिसणं म्हणजे व्हायरसनं पेशीचा ताबा घेतल्याची खूण. तिकडं व्हायरसचंच दुसरं प्रोटीन ई6 हे पेशीला आवरणाऱ्या पी53 ला संपवतं, ते वेगळं लिही, एकात एक मिसळू नकोस.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो वाचण्यात. तपकिरी दिसलं म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. ब्लॉक पॉझिटिव्ह म्हणायचं तर सगळ्यात खालच्या बेसल थरापासून सलग, गडद, न्यूक्लियसमधे किंवा न्यूक्लियस आणि सायटोप्लाझम दोन्हीत, आणि वर किमान एक तृतीयांश जाडीपर्यंत रंग चढलेला पाहिजे. इथं चार पेशी रंगल्यात, मधे मोकळं, परत पुढं दोन, कुठं फिकट, कुठं नुसतं सायटोप्लाझम, हे सगळं निगेटिव्ह. आणि ग्रंथींकडं बघताना जपून, ट्यूबल मेटाप्लेजियामधे (हा निरुपद्रवी बदल) ठिपक्याठिपक्यांनी पी16 येतं आणि नवीन माणूस तिथं हमखास फसतो. उलट गॅस्ट्रिक टाइपचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींचा कॅन्सर) एचपीव्हीशिवाय होतो, त्यात पी16 बहुतेक निगेटिव्हच, म्हणून निगेटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर नाही असं चुकूनही लिहू नकोस.

की-67 हे 1983 साली जर्मनीतल्या कील शहरात सापडलं, विभाजन चालू असलेल्या पेशीतच दिसतं. नॉर्मल एपिथेलियममधे (अस्तरात) ते बेसलच्या लगेच वरच्या पॅराबेसल थरातच, खाली. पाळी गेलेल्या बाईच्या अ‍ॅट्रोफीमधे जवळजवळ काहीच नाही, आणि हाय ग्रेडमधे वरच्या थरांपर्यंत चढतं. म्हणून अ‍ॅट्रोफी का एचएसआयएल (हाय ग्रेड बदल) या भांडणात दोन्ही मार्कर शेजारी शेजारी ठेवून बघितलं की बहुतेक वेळा मिटतं. पण तिरका कट लागलेला असेल तर बेसल थर वरपर्यंत आल्यासारखा दिसतो, तिथं की-67 वर विश्वास टाकू नकोस, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) परत नीट बसवून नवीन सेक्शन माग.

आता लॅबमधलं, जे पुस्तकात एका ओळीत उरकतात. तालुक्याच्या गावाहून बाटली येते, कधी सलाइनमधे, कधी फॉर्मॅलिन असतं पण तुकडा बुडेल एवढंच, बाटलीवर वेळ नाही, फॉर्मवर अर्धं कन्नडमधे अर्धं इंग्लिशमधे आणि वय नाही. 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट, आणि कमीत कमी 6 तास, जास्तीत जास्त 72, एवढं पाळलं नाही तर तुझ्या आयएचसीला काडीची किंमत नाही. बायोप्सी पाठवणाऱ्या डॉक्टरांना तू स्वतः फोन कर, कंपाउंडरला कन्नडमधे सांग, मराठीत सांग, चिडू नकोस. बाटल्या भरून तूच पाठव की, काय होतंय.

आणि एक, रिपोर्टच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते डोळ्यासमोर ठेव. सीआयएन 2 असं लिहिलं की आपल्याकडं कुठल्यातरी दवाखान्यात लगेच पिशवी काढायची भाषा सुरू होते, सत्तावीस अठ्ठावीस वर्षांची पोरगी असली तरी. नजर ठेवून थांबलेल्या बायकांत सीआयएन 2 दोन वर्षांत साधारण निम्म्या जणींत आपोआप मागं जातं, हे आता चांगलं माहिती झालंय. म्हणून अशा केसमधे तुझ्या रिपोर्टमधे पी16 चं उत्तर स्पष्ट पाहिजे, शंका असेल तर शंका स्पष्ट पाहिजे, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून बोललेलं पाहिजे.

चर्चेच्या प्रकरणात उस्मानाबादचा अभ्यास घे, 2009 चा, ग्रामीण बायकांत एकदाच एचपीव्ही टेस्ट केली तरी मृत्यू निम्म्यावर आले होते. आपल्याच भाषेच्या, आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायका होत्या त्या, आणि परदेशातले लोक तो अभ्यास अजून वाचतात.

कंट्रोलसाठी, म्हणजे रंग नीट चढतोय का ते ताडायला, टॉन्सिलचा ब्लॉक लागेल, प्रत्येक बॅचला, एक दिवससुद्धा गाळायचा नाही. आमच्याकडं चांगला आहे, शनिवारी दुपारी टिळकवाडीत ये आणि घेऊन जा, येताना तुला शंका असलेल्या स्लाइड पण आण, एच अँड ई आधी.

तुझी मॅडम