मैदानाची बोली

प्रश्न : अविनाश साबळेच्या शर्यतीला पेपरात कधी ‘स्टीपलचेस’ म्हणतात, कधी ‘अडथळ्यांची शर्यत’. माझा मुलगा तिला हर्डल्सच म्हणतो. खरं काय? – एक आई, लातूर

उत्तर : ताई, मुलाला सांगा, हर्डल्स वेगळी. तिथला अडथळा हलका असतो, पाय लागला की आडवा होतो. पुरुषांच्या ११० मीटरमध्ये असे दहा. स्टीपलचेसचा मात्र जाडजूड लाकडी ओंडका. तो हलत नाही, पायच मोडायचा! म्हणून त्यावर पाऊल टेकवून उडी मारायलाही मुभा आहे. ३,००० मीटरमध्ये असे २८ अडथळे आणि वर सात पाणउड्या, म्हणजे अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाशने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हे सगळं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पार करून रौप्य मिळवलं.

‘अडथळ्यांची शर्यत’ म्हटलं की मला तरी शाळेच्या मैदानावर टायरमधून घुसणारी पोरंच दिसतात. बातमीत ‘३,००० मीटर स्टीपलचेस’ असंच छापावं. भालाफेक, गोळाफेक, थाळीफेक हे आपले शब्द झकास रुळलेत. इथे मात्र ओढूनताणून मराठी नको.