रापण आणि एसजीओटी

प्रश्न : माझे बाबा 56 वर्षांचे आहेत. नारळी पौर्णिमेनंतर रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) सुरू झाली आणि अंग ठणकतंय म्हणाले, म्हणून रक्त तपासलं. लिव्हरच्या तपासणीत एसजीओटी 138 आणि एसजीपीटी 62, दोन्ही वाढलेली; बिलिरुबिन 0.8. शेजारी म्हणतात, 'चोरून घेत असणार.' बाबा दारूला शिवत नाहीत. आजीने मासे बंद करून काविळीचा पाला सुरू केलाय. लिव्हर खराब झालंय का? – एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : आधी बाबांना बांगडा वाढा. बिलिरुबिन 0.8 म्हणजे कावीळ नाही, मग पथ्य कसलं? पाला मात्र आजच बंद. त्यात काय काय वाटलेलं असतं देव जाणे, आणि काही झाडपाल्यानेच लिव्हरला सूज येते. ती आली की पुढचा रिपोर्ट वाचायचा कसा?

शेजाऱ्यांना वाटलं त्याला थोडा आधार आहे. दारूने बिघडलेल्या लिव्हरमध्ये एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त दिसतं. पण एसजीओटी हे एन्झाइम एकट्या लिव्हरचं नाही. ते स्नायूंत, हृदयात, तांबड्या पेशींतही असतं. 1954 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ते रक्तात मोजलं, तेव्हा हार्ट अटॅक ओळखायला मोजलं होतं! पावसाळाभर बसलेला माणूस एकदम भिजल्या जाळ्याचा दोर कमरेने ओढायला लागला, की दंड-मांड्यांच्या पेशी दुखावतात आणि त्यांच्यातलं एन्झाइम रक्तात उतरतं. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं, पण स्नायूही थोडं सोडतात. तुमच्या बाबांचे आकडे मला तसेच दिसतात.

लॅबमध्ये आम्ही एन्झाइम वजन करून मोजत नाही, त्याच्या कामाचा वेग मोजतो. 37 अंशांवर सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा काढलेला द्रव) रसायनात मिसळायचं आणि 340 नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण किती झपाट्याने उतरतं ते मशीनने बघायचं. त्याआधी मी ट्यूब उजेडात धरते. सीरम पिवळसर हवं. गुलाबी असेल तर रक्त घेताना किंवा गाडीच्या हिसक्यांनी तांबड्या पेशी फुटल्यात, आणि एसजीओटी फुकटचं वाढणार. गावातलं सॅम्पल दुपारच्या एसटीने तालुक्याला गेलं असेल, तर हेही विचारून घ्या.

आता सीपीके आणि जीजीटी या आणखी दोन एन्झाइमच्या तपासण्या करून घ्या. सीपीके स्नायूंचं. जीजीटी स्नायूंच्या दुखापतीने वाढत नाही, दारूने मात्र बहुधा वाढतं. सीपीके चढलेलं आणि जीजीटी नॉर्मल आलं, तर शेजाऱ्यांचं तोंड आपोआप बंद होईल. मग आठ-दहा दिवस दोर धरू नका म्हणावं आणि पुन्हा तपासा. एसजीओटी रक्तातून लवकर जातं, एसजीपीटीला त्याहून वेळ लागतो, म्हणून आधी एसजीओटीचाच आकडा खाली येईल. सीपीके नॉर्मल असूनही आकडे हटले नाहीत, तर हिपॅटायटिस बी, सी आणि सोनोग्राफी.

एक मात्र पाहा. ताप, पोटऱ्यांत कळा किंवा लाल डोळे असतील, आणि बाबा भातशेतीच्या चिखलातही उतरले असतील, तर या आठ दिवसांची वाट पाहू नका. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापातही हे आकडे असेच दिसू शकतात. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.