पहिल्या सेशनला घाई नको

अगं, काउन्सेलिंगला कुणी नवीन आलं की पहिल्याच दिवशी फॉर्म पुढे करू नकोस. माझ्याकडे एक ताई विरारहून दादरला यायच्या, तासभर लोकलमध्ये उभ्या, म्हणून आल्या की आधी पाणी, पंखा, दोन मिनिटं काहीच नाही, मग पर्सची चेन उघडबंद करत त्या स्वतःच बोलायला लागायच्या. शांतता आपल्यालाच सहन होत नाही गं, म्हणून आपण मध्ये तोंड घालतो. सल्ले काय, सासूपासून शेजारणीपर्यंत सगळेच देतात! गुप्ततेचं मात्र लगेच क्लिअर कर, जिवाला धोका वाटला तर कुणालातरी सांगावं लागेल हेपण, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही ती सूट आहे. आणि रात्रीसाठी टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर दे, २४ तास चालू, मराठीत बोलतात. मी स्वतःचा नंबर दिलेला, वर्षभर झोपेचं खोबरं.